कार्लाइलचा हंगाम



या वसंत व्याख्यानमालेचे चिटणीस गेल्या महिन्यात आमच्याकडे आले आणि म्हणाले, "यंदा काहीतरी हलकेफुलके बोला. अध्यात्म झाले, अर्थकारण झाले, आता खेळावर एक दिवस होऊ द्या." आम्ही होकार दिला. खेळावर बोला म्हटले की आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांपुढे क्रिकेट उभे राहते. चिटणिसांच्याही डोळ्यांपुढे तेच असावे. आम्ही जेव्हा फुटबॉल म्हणालो, तेव्हा त्यांचा चेहरा किंचित उतरला. आणि तोही अमेरिकेतला, शिवाय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, असे सांगितल्यावर त्यांनी फक्त पाणी मागितले. तेव्हा आज आपण जमला आहात हा त्यांच्या धीराचा विजय आहे. विषय हलकाफुलका राहील की नाही, याची हमी मात्र आम्ही दिलेली नाही.

सुरुवात आपल्याच देशातून करू. 29 जुलै 1911 हा दिवस बंगाली माणूस विसरत नाही. कलकत्त्याच्या मैदानावर त्या दिवशी मोहन बागान या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांना दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरापैकी दहा गडी अनवाणी होते. बूट घातलेला एकटा सुधीर चॅटर्जी. तो कॉलेजात शिकवणारा. त्या शील्डच्या पहिल्याच फेरीत मोहन बागानने कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या संघाला नमवले होते. बंगालची फाळणी 1905 साली झालेली, माणसे चिडलेली, आणि अशा वेळी अनवाण्या पोरांनी सरकारी बुटांवर मात केली. इंडियन जिंकले!

याच 1911 सालच्या नोव्हेंबरच्या 11 तारखेला अमेरिकेतही एका मैदानावर "इंडियन जिंकले" अशी बातमी झाली. ते इंडियन निराळे. कोलंबस 1492 साली भलत्याच किनाऱ्याला लागला आणि आपण हिंदुस्थानात आलो अशा समजुतीने तिथल्या माणसांना त्याने इंडियन म्हटले. चूक कळली, नाव राहून गेले. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना तांबडे इंडियन म्हणत. ती मूळची माणसे म्हणजे लाकोटा, होपी, ओजिब्वे, सॅक अँड फॉक्स अशी शेकडो जमातींची. आपल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या जमातींकडे पाहून "सगळे आदिवासी एकच" म्हणण्याइतकेच त्यांना एकच म्हणणे चुकीचे आहे. आजची गोष्ट त्यांच्या पोरांच्या एका संघाची आहे, आणि पालघरला ती सांगण्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

त्या संघाचे गाव कार्लाइल, पेनसिल्व्हेनिया राज्यातले. तिथे लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या. 1879 साली रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्या बराकींत शाळा काढली. प्रॅट हा दुष्ट माणूस नव्हता, हे आधी सांगतो, कारण दुष्ट माणसाच्या गोष्टीतून आपण फार थोडे शिकतो. फ्लॉरिडात कैदेत ठेवलेल्या इंडियन योद्ध्यांवर तो देखरेख करीत असे. त्यांना वाचायला शिकवता शिकवता त्याच्या मनाने घेतले की ही माणसे कुणाहूनही कमी नाहीत. त्या काळी पुष्कळ गोरे लोक म्हणत की हे लोक संपले तर बरे. प्रॅट म्हणत होता की यांना शिकवा, हे आपल्या बरोबरीचे होतील. मात्र त्यासाठी त्यांच्यातला इंडियन मारून टाकायचा आणि माणूस तेवढा वाचवायचा. हे सूत्र त्याने 1892 साली एका भाषणात उघड मांडले. इंडियन मेला तर आत माणूस शिल्लक कोण राहणार, हा प्रश्न त्याला पडला नाही.

पहिली तुकडी डाकोटातून आगगाडीने आली. सुमारे दोन हजार किलोमीटरांचा प्रवास. ऑक्टोबर 1879 मध्ये मध्यरात्री ही मुले कार्लाइलला उतरली. त्यांत ल्यूथर स्टँडिंग बेअर नावाने पुढे प्रसिद्ध झालेला लाकोटा मुलगा होता. त्याने मोठेपणी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. तो सांगतो की आपल्याला मरायला नेत आहेत अशीच त्याची समजूत होती, आणि बापाची मान खाली जाऊ नये म्हणून तो धीराने निघाला होता. वर्गात एके दिवशी फळ्यावर पांढऱ्या खुणा काढलेल्या होत्या. मुलांच्या हाती छडी दिली आणि सांगितले, एक खूण निवडा. त्या खुणा म्हणजे गोऱ्यांची नावे होती. या मुलाने एका खुणेवर छडी टेकवली आणि तो ल्यूथर झाला. मग केस कापले. लाकोटांमध्ये केस कापणे म्हणजे सुतक. त्यानंतर गणवेश, कवायत आणि स्वतःच्या भाषेला बंदी. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, आणि सुट्टीत घरी जाण्याऐवजी गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला.

श्रोतेहो, इथे आम्हाला थोडे स्वतःबद्दल सांगावे लागते. आम्ही 1980 च्या सुमारास या भागातल्या एका शाळेत मास्तर होतो. शाळा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला. जून महिन्यात पाड्यावरची मुले दाखल व्हायची. बाप दाराशी उकिडवा बसलेला, पोर त्याच्या पाठीमागे. जन्मतारीख विचारली की बाप म्हणायचा, "भात लावत होतो तवा." आम्ही 1 जून लिहायचो. माझ्या हजेरीपटावर एका वर्षी सव्वीस मुलांचा वाढदिवस 1 जूनला होता! त्यावर आम्ही शिक्षकमंडळी हसत असू. नावांचेही तेच. घरचे नाव आमच्या कानाला चमत्कारिक लागले की आम्ही जवळचे एखादे देवादिकांचे नाव लिहून टाकत असू. ते आम्हाला सुधारणाच वाटे. कुणी छडी हाती देऊन निवडायलाही सांगत नव्हते. ल्यूथरचे पुस्तक आम्ही त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचले आणि त्या रात्री आम्हाला आमचा हजेरीपट आठवला.

असो. फुटबॉलकडे वळू.

अमेरिकन फुटबॉल हा नावापुरताच फुटबॉल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायाने कमी मारायचा, हाताने धरून पळायचे जास्त. आपल्याला कल्पना यावी म्हणून सांगतो: कबड्डीतली पकड, कुस्तीतली झोंबाझोंबी आणि लग्नाच्या पंगतीतली रेटारेटी एकत्र केली की हा खेळ होतो. आपल्या बाजूचा गडी चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे गेला की टचडाउन. 1911 साली त्याला 5 गुण होते, त्यानंतर किक मारून चेंडू खांबांमधून घातला की आणखी 1, आणि चालत्या खेळात दुरून किक साधली तर 3. हे तीन आकडे तेवढे लक्षात ठेवा, पुढे लागतील. बाकी नियम आम्हालाही नीट कळत नाहीत.

खेळ फार रानटी होता. 1905 च्या एका हंगामात तिकडे अठरा-एकोणीस तरुण मेले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या बड्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घेतले व खेळ सुधारा म्हणून बजावले. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्याची मोकळीक मिळाली. नुसत्या वजनदार गड्यांनी एकमेकांना रेटण्याचा खेळ होता, त्यात आता चपळाईला वाव आला. आणि चपळाई ही कार्लाइलच्या पोरांची पुंजी होती. त्यांच्यात बलदंड गडी थोडेच होते.

कार्लाइलमध्ये फुटबॉल सुरू झाला तो मुलांच्या हट्टाने. शेजारच्या कॉलेजशी खेळताना एका मुलाचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटने खेळ बंद करून टाकला. मुले एके दिवशी त्याच्या कचेरीत शिष्टमंडळ घेऊन गेली आणि आर्जव केले. प्रॅटने दोन अटी घातल्या. एक, समोरच्याने ठोसा मारला तरी तुम्ही मारायचा नाही. नाहीतर लोक म्हणतील, पाहा, रानटी ते रानटीच. दुसरी, दोनचार वर्षांत देशातल्या सगळ्यांत मोठ्या संघांना हरवायचे. पोरांनी दोन्ही मान्य केल्या. पहिली अट किती अवघड आहे याचा विचार करा. ज्याचा बाप वा आजा सैन्याच्या गोळ्यांनी पडला असेल, त्या पोराने मैदानावर ठोसे खाऊन हसत राहायचे!

1899 साली ग्लेन वॉर्नर नावाचा प्रशिक्षक आला. लोक त्याला पॉप वॉर्नर म्हणत. मोठा बुद्धिमान, मोठा बेरकी. 1903 साली हार्वर्डविरुद्ध त्याने एक गंमत केली. किक मारलेला चेंडू आला की कार्लाइलचे गडी घोळक्याने जमले आणि चेंडू त्यांनी डिलन नावाच्या गड्याच्या जर्सीत पाठीमागून सरकवला. मग सगळे दहा दिशांना पळाले. हार्वर्डवाले ज्याच्या त्याच्या हातात चेंडू शोधतात, आणि डिलन पाठीवर कुबड घेऊन सरळ टोकाला पोचला. लोक हसून लोळले. सामना मात्र हार्वर्डने 12 विरुद्ध 11 असा एका गुणाने जिंकला. नंतर ही युक्ती नियमबाह्य ठरली.

या संघाला घरचे मैदान असून नसल्यासारखे होते. मोठे सामने सारे बाहेर, कारण तिथे तिकिटे खपत. इंडियन कसे दिसतात, कसे खेळतात, हे पाहायला शहरी माणसे गर्दी करीत. तिकिटांच्या पैशांचा मोठा वाटा शाळेच्या क्रीडानिधीत येई. त्यातून काही इमारती झाल्या, खेळाडूंना वेगळे निवास आणि चांगले जेवण मिळाले, प्रशिक्षकाला घर मिळाले. बाकीच्या शेकडो मुलांच्या ताटात मात्र त्यामुळे काही वाढले नाही. हे लक्षात ठेवून आता 1911 च्या हंगामाकडे या.

त्या वर्षी जिम थॉर्प परत आला. सॅक अँड फॉक्स जमातीचा, आजच्या ओक्लाहोमातला. लहानपणी त्याचा जुळा भाऊ तापाने गेला. तेव्हापासून शाळांतून पळून जाणे हाच त्याचा पहिला क्रीडाप्रकार. 1904 साली तो कार्लाइलला आला. 1909 मध्ये शाळा सोडून दक्षिणेत किरकोळ पगारावर बेसबॉल खेळू लागला, आणि दोन वर्षांनी वॉर्नरने त्याला परत आणला. त्या किरकोळ पगाराची गोष्ट पुढे भारी पडणार आहे. त्याच्या जोडीला गस वेल्च हा ओजिब्वे जमातीचा चलाख गडी, डाव रचणारा. कप्तान सॅम्प्सन बर्ड हा ब्लॅकफीट जमातीचा. घरी या तिघांच्या भाषा वेगळ्या. मैदानावर ते बोलत ती इंग्रजी, जी त्यांना स्वतःची भाषा विसरावी म्हणून शिकवली होती.

23 सप्टेंबरपासून 30 नोव्हेंबरपर्यंत दहा आठवड्यांत बारा सामने. पहिले चार लहान कॉलेजांशी: लेबनॉन व्हॅली 53–0, म्यूलेनबर्ग 32–0, डिकिन्सन 17–0, माउंट सेंट मेरीज 46–5. डिकिन्सन कॉलेज हे कार्लाइल गावातलेच, म्हणजे हा शेजारधर्म. मग जॉर्जटाउन 28–5, पिट्सबर्ग 17–0, लाफायेत 19–0. लाफायेतच्या सामन्यात थॉर्पचा पाय दुखावला. पुढचा सामना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी. तो थॉर्पशिवाय खेळला आणि 16–0 असा जिंकला. आम्हाला या हंगामातला हा सामना विशेष वाटतो, कारण थॉर्पच्या नावाखाली बाकीचे दहा जण झाकले गेले आहेत, आणि त्या दिवशी ते उघडे दिसले.

पण लोकांना आठवतो तो हार्वर्डचा. हार्वर्ड म्हणजे अमेरिकेतले सर्वांत जुने विद्यापीठ, श्रीमंतांच्या मुलांचे. त्यांचे मैदान सिमेंट काँक्रीटचे, घोड्याच्या नालासारखे, 1903 साली बांधलेले. त्यांच्या मनात इतका भरवसा होता की सुरुवातीला त्यांनी दुसऱ्या फळीचे गडी उतरवले आणि पहिली फळी शेवटासाठी राखून ठेवली. थॉर्पचा पाय पट्ट्यांनी आवळलेला. मध्यंतराला हार्वर्ड 9, कार्लाइल 6. हे सहा म्हणजे थॉर्पच्या दोन किका. दुसऱ्या अर्ध्यात कार्लाइलने टचडाउन केले आणि वरची किकही साधली. झाले आणखी सहा. तिसरी किक. आणि चौथी किक सुमारे अठ्ठेचाळीस यार्डांवरून, दुखऱ्या पायाचा गडी. किती दूर म्हणाल तर क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा आणि वर चार यार्ड धरा. चेंडू खांबांमधून गेला. हिशेब करा: चार किकांचे बारा, टचडाउनचे पाच, वरचा एक, अठरा. हार्वर्डची ताजी पहिली फळी मैदानात आली, त्यांनी जोर लावला आणि पंधरापर्यंत आणले. तेवढ्यावर वेळ संपली. 18–15.

आता पुढच्या शनिवारी काय झाले ते ऐका. सिराक्यूजशी सामना. कार्लाइलने दोन टचडाउन केले, म्हणजे दहा गुण. वरच्या दोन किकांपैकी एक साधली, एक हुकली. अकरा. सिराक्यूजचे बारा. हार्वर्डला अठ्ठेचाळीस यार्डांवरून बुडवणाऱ्या संघाचा हंगाम अगदी समोरच्या एका किकेने डागाळला. खेळाचा हा स्वभाव आहे. त्याला कुणी काही करू शकत नाही. पुढे जॉन्स हॉपकिन्स 29–6, ब्राउन विद्यापीठ 12–6, आणि हंगाम संपला. बारापैकी अकरा जिंकले. एकूण गुण 298, विरोधकांचे 49.

विरोधकांच्या तक्रारीही होत्या आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. कार्लाइल हे कॉलेज नव्हते. तिथे जेमतेम शालेय शिक्षण मिळे. खेळाडूंत विशीपलीकडचे गडी असत. थॉर्प त्या वेळी चोवीस वर्षांचा होता. आपल्या तालुक्याच्या स्पर्धांत मिशी फुटलेले "चौदा वर्षांखालील" गडी पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. गंमत अशी की याच सुमारास, 1911 पासून, मेरिअन मूर नावाची तरुण बाई कार्लाइलमध्ये व्यापारी विषय शिकवीत होती. ती पुढे अमेरिकेची नामांकित कवयित्री झाली, आणि थॉर्प तिच्या वर्गात बसत असे. आणखी एक सांगतो. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम भागात शेतकीचे शिक्षण घेत होते आणि इंग्रजांचे राज्य उलथण्याची खलबते करीत होते. त्या इंडियनाच्या कानी या इंडियनांची बातमी गेली असेल काय, असे आमच्या मनात पुष्कळदा येते.

पुढच्या वर्षी, 1912 च्या उन्हाळ्यात, स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये थॉर्पने पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळवली. त्याच ऑलिंपिकमध्ये कार्लाइलच्याच लुई तेवानिमाने दहा हजार मीटरांत रौप्यपदक घेतले. तेवानिमा होपी जमातीचा. तो कार्लाइलला कसा आला? त्याच्या गावाने मुलांना सरकारी शाळेत पाठवायला विरोध केला, म्हणून पकडून आणलेल्यांपैकी तो एक होता. शाळेला विरोध केल्याची शिक्षा म्हणजे शाळा! आणि ही दोघे ज्या देशासाठी धावली त्याचे नागरिकत्व तिथल्या सर्व इंडियनांना मिळाले ते 1924 साली. नोव्हेंबर 1912 मध्ये कार्लाइलने लष्करी अकादमीच्या वेस्ट पॉइंटच्या संघाला 27–6 असे हरवले. समोर खेळणाऱ्यांत आयझेनहॉवर नावाचा कॅडेट होता, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. वुंडेड नीच्या ओढ्याकाठी सैन्याने लाकोटांची कत्तल केली ती डिसेंबर 1890 ची. बावीसच वर्षे झाली होती. तेव्हा त्या 27–6 चा अर्थ मैदानावरच्या पोरांना कुणी समजावून सांगायला नको होता.

जानेवारी 1913 मध्ये थॉर्पची पदके काढून घेतली, कारण त्याने बेसबॉलसाठी ते किरकोळ पैसे घेतले होते. त्या दिवसांत पुष्कळ कॉलेजकुमार सुट्टीत असेच खेळत, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. 1953 साली तो वारला तेव्हा पदके परत मिळालेली नव्हती. 1983 साली ती कुटुंबाकडे आली, आणि तो एकटाच विजेता असल्याचे नोंदवहीत पुन्हा लिहिले गेले ते 2022 साली. 1914 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने शाळेची चौकशी केली. गस वेल्चसारख्या खेळाडूंनीच पुढे होऊन साक्षी दिल्या. वॉर्नरची शिवीगाळ, पैशांचा व्यवहार, मुलांची आबाळ हे सारे बाहेर आले. मुख्याधिकारी गेला, वॉर्नर दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि तिथेही कीर्ती मिळवता झाला. 1918 साली शाळा बंद पडली. एकोणचाळीस वर्षांत दहा हजारांवर मुले तिथून गेली; पदवीचा कागद हाती पडलेली हजाराच्या आत.

मग त्या संघाच्या विजयाचे काय करायचे? आमच्या मित्रमंडळींत यावर वाद होतो. एक जण म्हणतो, "तो विजय शाळेचा. तमाशाला वाघ ठेवावेत तशी ती पोरे ठेवली होती." दुसरा म्हणतो, "विजय पोरांचा. मैदान ही एकच जागा होती, जिथे गोऱ्याला नियमाने पाडता येत होते." आमचे मत दुसऱ्याकडे झुकते. खेळ त्यांनी हट्टाने मागून घेतला होता, आणि शेवटी शाळेविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले तेही खेळाडूच. अठरा गुण त्यांचेच आहेत. पण त्या अठरा गुणांची तसबीर कचेरीत लावून जी शाळा लोकांना म्हणते, "पाहा, आमची पद्धत कशी फळली," तिला ते गुण देता येत नाहीत.

तसबिरीवरून आठवले. आमच्या त्या शाळेच्या पोरांनी एका वर्षी कबड्डीत ठाणे जिल्ह्याची ढाल आणली. तेव्हा पालघर हा ठाण्याचा तालुका; स्वतंत्र जिल्हा 2014 साली झाला. सात गडी, सातही पाड्यावरचे. काय पकड होती त्यांची! आम्ही त्यांच्याबरोबर एस. टी. ने गेलो होतो. परत येताना बोईसरला फोटो काढला. मध्ये ढाल, तिच्यामागे आम्ही मास्तर लोक खुर्च्यांवर, आणि पोरे खाली जमिनीवर. दिवाळीनंतर सातांपैकी चार जण शाळेत आले नाहीत. आईबाप वीटभट्टीवर गेले, पोरे त्यांच्याबरोबर. आम्ही चौकशी केली नाही असे नाही, एकदा केली. त्यांतला सर्वांत तरबेज चढाई करणारा पोरगा भट्टीवरून परत आलाच नाही. फोटो मात्र कचेरीत राहिला आणि पाहुणे आले की साहेब दाखवीत, "आपल्या शाळेची पोरे." त्या पोराचे घरचे नाव आम्हाला आज आठवत नाही. आम्ही हजेरीपटावर लिहिलेले तेवढे आठवते.

दुसरी तऱ्हा आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली आहे, आणि ती आपण कार्लाइलच्या शेजारी ठेवून पाहावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मोठी मुले गुरांमागे रानात असत, तर शाळा कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. प्रॅटने मूल उचलून दोन हजार किलोमीटर दूर नेले. या दोन बायका मूल होते तिथपर्यंत चालत गेल्या. पाने, बिया, शंख, शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य. चूक त्यांच्याकडूनही झाली असेल, माणसेच ती. पण आधी मुलाला त्याच्या घरापासून तोडा आणि मग शिकवा, असे त्यांनी म्हटले नाही. आमच्या शाळेपासून कोसबाड काही फार दूर नव्हते. आम्ही एकदा सहलीला गेलो होतो. चिकू खाल्ले आणि परत आलो.

तेवानिमा ऑलिंपिकनंतर आपल्या होपी गावी परतला. मेंढ्या चारल्या, मका पिकवला, आपल्या देवाधर्माच्या विधींत सामील होत राहिला. 1969 साली असाच एक विधी आटोपून अंधारातून घरी परतताना कड्यावरून पडून तो वारला. ज्या गोष्टीपासून त्याला तोडायला नेले होते, तिच्याच वाटेवर तो शेवटपर्यंत चालत होता.

कार्लाइलच्या बराकी आज पुन्हा लष्कराकडे आहेत. तिथे एक दफनभूमी आहे. शाळेत क्षयाने आणि इतर रोगांनी गेलेल्या पावणेदोनशेहून अधिक मुलांच्या तिथे ओळीने दगडी खुणा होत्या, त्यांवर इंग्रजी नावे, काहींची चुकीच्या अक्षरांत. 2017 पासून जमातींच्या मागणीवरून त्या मुलांचे अवशेष घरी पाठवण्यास सुरुवात झाली. जुलै 2021 मध्ये रोजबड इथल्या लाकोटांनी आपली नऊ मुले नेली. मागणीचा आग्रह त्यांच्यातल्या तरुण पोरापोरींनी धरला होता. ती स्वतः कार्लाइलला जाऊन त्या दगडांपुढे उभी राहिली होती. गाड्यांचा ताफा पश्चिमेकडे निघाला. ज्या वाटेने 1879 साली मुले आगगाडीने पूर्वेला आली, तिकडेच हा ताफा उलट चालला होता. वाटेत ठिकठिकाणी लोक त्यांच्या स्वागताला थांबले होते. रोजबडला पोचल्यावर त्या मुलांना त्यांच्या लाकोटा रीतीने मातीत ठेवले.